भारीतला फोल्डिंग चाकू हातात घेतल्यावर नक्की काय बघायचं? नवख्यांसाठी पायरी-पायरीने

चाकूंच्या नादात नवीन पडलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, स्टील कुठलं घेऊ? मी पण तिथूनच सुरुवात केली होती, जवळपास दोन वर्षं नुसती स्टीलची नावं आणि कडकपणाचे आकडे पाठ करण्यात गेली, आणि मग एकदा एका ओळखीच्याने त्याचा चाकू हातात दिला, त्यातलं स्टील माझ्या चाकूपेक्षा मागच्या पिढीचं होतं पण उघडताना, मिटताना, नुसता मुठीत धरताना जे वाटलं ते माझ्याकडच्या एकाही चाकूत कधी वाटलं नव्हतं. तेव्हापासून कोणी विचारलं की मी सांगतो, स्टील शेवटी बघा. एका दर्जाच्या वर गेलं की स्टील सगळीकडे चांगलंच असतं. खरा फरक दोन जागी असतो: चाकू तुमच्या हाताला जिथे जिथे लागतो तिथे, आणि चाकूचे दोन भाग एकमेकांना जिथे टेकतात तिथे. हा सगळा लेख या दोन जागा बोटांनी कशा ओळखायच्या यावरच आहे.

आधी चार शब्द, म्हणजे पुढे अडायला नको. पातं ज्या स्क्रूभोवती फिरतं तो पिव्हट. पात्याचा मुठीत राहणारा मागचा भाग म्हणजे टँग. पूर्ण उघडल्यावर पातं जिच्यावर येऊन टेकतं ती स्टॉप पिन. मिटलेलं पातं आपोआप बाहेर येऊ नये म्हणून लॉकच्या (उघडलेलं पातं मिटू न देणाऱ्या) पट्टीत बसवलेली बारीक गोळी टँगमधल्या खळग्यात बसते, त्याला डिटेंट म्हणतात, आणि हा शब्द नीट लक्षात ठेवा कारण चाकूचा अर्धा 'फील' इथून येतो.

पायरी १: मिटलेला चाकू, डोळे बंद

उघडायची घाई करू नका. मिटलेला चाकू तळहातावर घ्या, बोटं मिटा आणि डोळे बंद करून अंगठा सगळ्या कडांवरून फिरवा. चांगल्या चाकूला टोचणारी कड कुठेच सापडत नाही, मुठीच्या बाहेरच्या कडा गोलसर केलेल्या असतातच पण आतल्या कडा, खिशाला अडकवायच्या क्लिपच्या खालची जागा, लॉक दाबायला केलेली खाच, अंगठा ठेवायचे दाते, तिथेही कोणीतरी वेळ घालवलेला जाणवतो. स्वस्तातल्या चाकूत नेमकं इथेच काम वाचवतात कारण फोटोत ते दिसत नाही. दाते अंगठ्याला पकड देणारे हवेत, सोलून काढणारे नकोत, आणि हे एकदा दाबून कळत नाही, दोन-तीन मिनिटं दाबून धरलं की कळतं.

मग वजन. रोज खिशात ठेवायचा मध्यम आकाराचा फोल्डर साधारण ८० ते १४० ग्रॅममध्ये असतो. आकड्यापेक्षा वजन कुठे आहे ते महत्त्वाचं, उघडलेला चाकू पिव्हटच्या जरा मागे, पहिल्या बोटापाशी तोलला गेला तर तो हातात जिवंत वाटतो, आणि सगळं वजन मागे असेल तर पातं हातात आहे असं वाटतच नाही.

मुठीचं मटेरियल इथेच बघून घ्या. भारीतल्या चाकूत बहुतेक वेळा टायटॅनियम असतं, आणि तेही ६ टक्के ॲल्युमिनियम नि ४ टक्के व्हॅनेडियम असलेलं, ज्याला ग्रेड ५ म्हणतात. त्याची घनता ४.४ च्या आसपास, स्टीलची ७.८, म्हणजे तेवढ्याच आकाराला वजन निम्म्याहून थोडं जास्त. पण मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. टायटॅनियममधून उष्णता फार हळू वाहते, त्यामुळे थंडीत ॲल्युमिनियमची मूठ जशी हाताला गार चटका देते तसं हे करत नाही, पटकन हाताच्या तापमानाला येतं. 'उबदार धातू' असं लोक म्हणतात ते याच्यामुळे. कार्बन फायबर त्याहून खूप हलकं, आणि मिकार्टा म्हणजे कापडाचे किंवा कागदाचे थर रेझिनमध्ये दाबून केलेलं, ते हाताच्या तेलाने हळूहळू गडद होत जातं आणि ओल्या हातातही पकड सोडत नाही. मला स्वतःला मिकार्टा सगळ्यात जास्त आवडतं. टायटॅनियमवरचे निळे-जांभळे रंग म्हणजे पेंट नव्हे बरं का, विजेने वाढवलेल्या ऑक्साइडच्या पातळ थरातून प्रकाश परतताना तो रंग दिसतो, म्हणूनच किल्ल्यांबरोबर घासला की तो थर झिजतो आणि रंग फिका होतो. त्यात बिघाड काही नाही, पण ज्याला कायम नवा दिसणारा चाकू हवा त्याने रंगीत मूठ घेऊ नये.

पायरी २: उघडा, पण हळू

उघडायच्या तीन मुख्य पद्धती. पात्याला लावलेली छोटी खुंटी अंगठ्याने ढकलायची, पात्यातल्या गोल भोकात अंगठ्याचं पेर अडकवायचं, किंवा मुठीच्या पाठीमागून डोकावणारा फ्लिपर पहिल्या बोटाने दाबायचा. गोल भोक आणलं स्पायडर्को या कंपनीने, १९८१ मध्ये, वर्कर नावाच्या चाकूवर, आणि खिशाला अडकवायची क्लिपही त्याच चाकूवर होती, म्हणजे आज ज्याला आपण आधुनिक खिशातला चाकू म्हणतो त्याच्या दोन सवयी एकाच चाकूपासून आल्या.

पहिल्यांदा अगदी सावकाश उघडा. सुरुवातीला डिटेंट अडवतो, मग गोळी खळग्यातून सुटते आणि पातं मोकळं होतं. हे सुटणं एका क्षणात, स्वच्छ व्हायला हवं. डिटेंट फार सैल असेल तर चाकू उलटा धरून झटकल्यावर पातं बाहेर डोकावतं, असा चाकू खिशात ठेवायचा नाही, विषय संपला. फार कडक असेल तर अंगठा दुखतो आणि सुटल्यावर जोर आवरत नाही. मधला बिंदू पकडणं हे बनवणाऱ्याचं खरं कसब, खळग्याचा व्यास, त्याची जागा आणि पट्टीचा ताण यात केसभर फरक पडला तरी बोटाला कळतं.

आता नवख्यांची सगळ्यात कॉमन चूक. फ्रेम लॉकचा, म्हणजे मुठीचाच एक भाग लॉकची पट्टी असलेला चाकू हातात घेतला की उघडताना बाकीची बोटं नेमकी लॉकच्या पट्टीवर पडतात, तुम्ही नकळत ती पट्टी आत दाबता, म्हणजे डिटेंटची गोळी खळग्यात अजून घट्ट रुतते, आणि मग चाकू उघडत नाही म्हणून तुम्ही अजून जोर लावता. कित्येक जण याच कारणाने 'ॲक्शन (उघडणं-मिटणं) बेकार आहे' म्हणून चाकू परत करतात. बोटं पट्टीवरून सरकवून क्लिपवर किंवा मुठीच्या कडेला ठेवा आणि परत करून बघा, दहापैकी नऊ वेळा तोच चाकू लोण्यासारखा उघडतो.

पातं कशावर फिरतं त्यावर पुढचा फील ठरतो. ब्राँझचे वॉशर असतील तर पातं जरा भारदस्त, दाटसर फिरतं, तेलात बुडवल्यासारखं, आणि वापराने ते आणखी मऊ होत जातं. बॉल बेअरिंग असतील तर पातं नव्यापासूनच सुळकन जातं, लॉक सोडला की स्वतःच्या वजनाने पडतं. आजकाल पातं असं पडणं हाच दर्जा असं समजलं जातं, मला ते पटत नाही, बेअरिंगमध्ये धूळ आणि खिशातला कापसाचा भुगा लवकर शिरतो, नि ज्याला रोज पुठ्ठे आणि दोऱ्या कापायच्या आहेत त्याला वॉशर जास्त शांतपणे साथ देतात. बेअरिंगवाला घेणार असाल तर एक बघा, गोळ्या थेट टायटॅनियमवर फिरतात की मध्ये कडक केलेल्या स्टीलची चकती आहे, कारण चकती नसेल तर गोळ्या मऊ टायटॅनियममध्ये स्वतःची चाकोरी पाडतात.

पायरी ३: आवाज

हे लिहून सांगायला अवघड आहे पण महत्त्वाचं आहे. पातं स्टॉप पिनवर येऊन टेकतं आणि लॉक आत बसतो, हे दोन आवाज जवळजवळ एक होऊन भरीव 'टक्' असा यायला हवा. मागे काहीतरी थरथरल्यासारखा, पत्र्यासारखा आवाज आला तर कुठेतरी स्क्रू सैल आहे किंवा मूठ पोकळ केल्यावर पुरेसा आधार ठेवलेला नाही. एकाच सलग तुकड्यातून कोरून काढलेली मूठ, जिला इंटिग्रल म्हणतात, तिचा आवाज सगळ्यात भरीव असतो, आणि ती महाग असते कारण अरुंद फटीत टूल घालून आतली बाजू कोरावी लागते आणि शेवटच्या टप्प्यात चूक झाली तर अख्खा तुकडा जातो.

पायरी ४: लॉक, इथे वेळ द्या

बोटं यावरच अवलंबून आहेत म्हणून हा भाग घाईने वाचू नका.

लायनर लॉकला आजचं रूप दिलं चाकू बनवणाऱ्या मायकल वॉकर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला: मुठीच्या आतली पातळ पट्टी स्प्रिंगसारखी सरकते आणि टँगच्या मागे उभी राहते. क्रिस रीव्ह यांनी पुढचं पाऊल टाकलं, वेगळी पट्टी काढून टाकली आणि मुठीचाच एक भाग कापून त्याला लॉक केलं, म्हणजे तुम्ही चाकू जितका घट्ट धराल तितका लॉकही घट्ट धरला जातो. हाच फ्रेम लॉक. त्यांच्या सेबेंझा या चाकूचं नाव झुलू भाषेतलं आहे, अर्थ 'काम', आणि चाकू बघितला तर नाव पटतं, एकही गोष्ट दाखवण्यापुरती नाही.

उघडलेला चाकू वरून बघा, लॉकची पट्टी टँगच्या रुंदीच्या किती भागावर आली आहे? नव्या चाकूत साधारण ३० ते ५० टक्के ठीक. जेमतेम काठावर असेल तर भरवसा कमी, आणि आत्ताच पलीकडच्या मुठीला टेकली असेल तर झिजायला जागाच उरलेली नाही. मग पट्टी बाजूला करून बघा, सहज सुटते का? टायटॅनियमला स्टीलवर चिकटायची खोड आहे, लॉक सोडताना किरकिरल्यासारखं अडतं ते यामुळे. यावर बनवणाऱ्यांनी वेगवेगळे उपाय काढले, कोणी पट्टीच्या टोकाला कार्बाइडचा (खूप कडक पदार्थाचा) थर देतं, कोणी तिथे स्टीलचा तुकडा बसवतं, सेबेंझाच्या ३१ या मॉडेलमध्ये तर सिरॅमिकची गोळीच टँगला टेकते. रिक हिंडरर यांनी अजून एक साधी गोष्ट जोडली, पट्टीवर एक चकती, म्हणजे लॉक सोडताना पट्टी बाहेरच्या बाजूला गरजेपेक्षा जास्त वाकत नाही आणि तिचा ताण टिकतो.

बेंचमेड कंपनीच्या ॲक्सिस लॉकमध्ये, जो १९९८ मध्ये आला, आडवी दांडी दोन बाजूंनी मागे ओढायची असते. नवख्या माणसाला मी बऱ्याचदा याच प्रकारचा लॉक सुचवतो, कारण मिटताना बोट पात्याच्या वाटेत येतच नाही. लायनर आणि फ्रेम लॉकमध्ये अंगठा पात्याच्या वाटेतच असतो, म्हणून पहिले काही दिवस असं करा: लॉक सोडा, पातं थोडंसंच खाली आणा, अंगठा बाहेर काढा, मगच दुसऱ्या हाताने पाठीकडून मिटवा. एका हाताने मिटवायची सवय नंतर आपोआप येते.

एक कळकळीची विनंती, लॉक तपासायला चाकूची पाठ टेबलावर आपटू नका. असे व्हिडिओ खूप आहेत. त्याने लॉकची टेकायची जागा खराब होते आणि लॉक सुटला तर पातं तुमच्याच बोटांवर येतं. बोटं वाटेतून बाजूला ठेवून, पाठीवर हाताने हळूहळू दाब द्या, काही हलतंय का बघा, पुरे.

पायरी ५: हलणं आणि मधोमध बसणं

पातं उघडून टोकाजवळ पाठीला धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. हललं तर बहुतेक पिव्हट सैल आहे, स्क्रू जरा फिरवला की जातं. वर-खाली हललं तर दोष लॉकमध्ये किंवा स्टॉप पिनमध्ये आहे, तो घरी सुटत नाही, परत पाठवा. मिटल्यावर पातं दोन्ही बाजूंच्या बरोबर मध्ये दिसायला हवं. अगदी थोडं एका बाजूला असेल आणि कुठे घासत नसेल तर कामात काडीचा फरक पडत नाही, तरी एवढे पैसे मोजल्यावर ते मध्ये असावं असं वाटणं चूक नाही.

माझ्या पहिल्या चांगल्या चाकूवर मी हीच गोष्ट पिव्हट आवळून-सैल करून सुधारायला गेलो, हातात हलक्या दर्जाचा टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीसारखा) बिट होता, स्क्रूवर कारखान्यातला थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावलेला गोंद) वाळलेला होता, तो तापवून मऊ करायचा असतो हे मला माहीत नव्हतं, मी जोर लावला आणि स्क्रूचं डोकं गोल झालं. त्या चाकूकडे बघून मला अजूनही वाईट वाटतं. तर, बिट चांगला घ्या, बहुतेक ठिकाणी टी६, टी८ किंवा टी१० लागतो, हेअर ड्रायरने स्क्रू गरम करा, आणि एका वेळी एक अष्टमांश फेराच फिरवा. सेबेंझाची रचना इथे मला सगळ्यात सुंदर वाटते, पिव्हटमध्ये अशी मोजून घासलेली नळी असते की स्क्रू पूर्ण आवळायचा, अंदाज घ्यायचाच नाही, पातं तरीही बरोबर तेवढंच मोकळं राहतं.

पायरी ६: पातं, आणि आता कुठे स्टील

पात्याची पाठ ३ ते ४ मिलिमीटर जाड असते, पण कापतं ते धारेच्या लगेच वरचं अंग. तिथली जाडी ०.३ ते ०.५ मिलिमीटरच्या आसपास असेल तर चाकू कापतो, त्याहून खूप जाड असेल तर फाडतो. सफरचंद कापून बघा, जाड पातं अर्ध्यात गेलं की सफरचंद कडकन तडकतं, पातळ पातं शेवटपर्यंत सरकत जातं. कितीतरी महाग चाकू या साध्या परीक्षेत मागे पडतात, दिसायला रणगाडा आणि कापायला पाचर. होलो ग्राइंड म्हणजे अंगाला आतल्या बाजूने खोलगट घासलेलं, धारेपाशी बारीक, फ्लॅट ग्राइंड म्हणजे पाठीपासून सरळ उतरत आलेलं. दोन्ही चांगले.

आता स्टील, थोडक्यात. एस३०व्ही हे २००१ मध्ये खास चाकूंसाठी आलं आणि त्यामागे क्रिस रीव्ह यांचाही सल्ला होता, पुढे त्यात नायोबियम घालून एस३५व्हीएन झालं जे जास्त चिवट आहे. एम३९० मध्ये २० टक्के क्रोमियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम, धार खूप दिवस टिकते. मॅग्नाकट हे धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांनी तयार केलेलं, २०२१ चं, त्यात क्रोमियम कमी ठेवूनही गंज सहजासहजी लागत नाही आणि चिवटपणा चांगला राहतो. यातलं कुठलंही घ्या, पण हीट ट्रीटमेंट (स्टील तापवून-थंड करून कडक करणं) चांगली नसेल तर नावाला अर्थ नाही, एकच स्टील एकाकडे ५९ रॉकवेलला (कडकपणाचं माप) आणि दुसऱ्याकडे ६३ ला येतं आणि ते दोन वेगळे चाकू असतात. व्हॅनेडियम जास्त असलेल्या स्टीलला साध्या दगडाने धार काढायला गेलात तर वैतागाल, व्हॅनेडियमचे कार्बाइड त्या दगडाच्या कणांपेक्षा कडक असतात, तिथे डायमंडची प्लेट लागते. कोन दर बाजूला १७ ते २० अंश. आणि धार पूर्ण जाईपर्यंत थांबू नका, आठवड्याला दोन-चार हात मारले की पुरतं.

फिनिशबद्दल एकच, स्टोनवॉश (खड्यांबरोबर घोळवलेला) ओरखडे लपवतो, सॅटिन (एका दिशेने बारीक घासलेला) दाखवतो.

पायरी ७: खिसा

क्लिप लावून दिवसभर वावरा. चाकू घट्ट धरून कापताना क्लिप तळहातात रुतते का, खिशात हात घातल्यावर तिचं टोक बोटांना खरचटतं का, पाच मिनिटांच्या बघण्यात हे कळत नाही. फ्लिपरही खिशात उभा राहून बोटांना अडतो, मला हे पहिला फ्लिपर घेतल्यावर तिसऱ्या दिवशी जाणवलं. चाकू बाळगायचे नियम जागोजागी वेगळे असतात, पात्याची लांबी, लॉक असणं, एका हाताने उघडणं यावर कुठे कुठे बंधनं आहेत, तेव्हा तुमच्याकडचा नियम घ्यायच्या आधी वाचा, आणि विमानाच्या हातातल्या बॅगेत तर तो न्यायचाच नाही.

नकली चाकूही भरपूर फिरतात आणि वरवर बघता हुबेहूब असतात, म्हणून पहिला चाकू तरी अधिकृत विक्रेत्याकडून घ्या.

पायरी ८: साफ करणं

ॲक्शन खरखरीत वाटायला लागली की खोला, त्याआधी उगाच नको, आणि काही कंपन्या चाकू खोलला की वॉरंटी मानत नाहीत ते आधी बघून घ्या. खाली पांढरं कापड पसरा, बारीक स्क्रू आणि वॉशर त्यावर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडा, प्रत्येक टप्प्याला फोटो काढा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वॉशरवर ग्रीसचा अगदी पातळ हात, बेअरिंग असेल तर पातळ तेलाचा एक थेंब, डिटेंटच्या वाटेवर सुईच्या टोकाएवढं. लॉक जिथे टँगला टेकतो तिथे तेल लावू नका. जोडून झाल्यावर पन्नासेक वेळा सावकाश उघड-मीट करा, मग स्क्रू परत तपासा.

आणि कोणी बघायला मागितला तर मिटवून द्या, क्लिपची बाजू त्याच्या तळहाताकडे, आणि फ्रेम लॉक असेल तर आधीच सांगा की बोटं पट्टीवरून बाजूला ठेव.